नळी एक, औषधं पाच

पेशंटला औषधं लिहून देणारे चार जण असू शकतात. देणारी सिस्टर मात्र एकच असते.

समजा, साठी उलटलेले एक काका मांडीचं हाड मोडून ॲडमिट झालेत. हाडांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. फिजिशियननी बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. भूलतज्ज्ञ येऊन ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची गोळी लिहून गेले. चौथे खुद्द काका. त्यांच्या उशाजवळच्या पिशवीत गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आहेत, वैद्यांचं चूर्ण आहे, ॲसिडिटीची कॅप्सूल आहे, आणि ते सगळं ते कुणालाही न विचारता वेळच्या वेळी घेतायत. प्रत्येकानं आपापल्यापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. पण ही औषधं पहिल्यांदा एकमेकांसमोर येतात ती थेट ट्रॉलीवर, रात्री दहाच्या डोसला. या दोन औषधांचं आपसात पटतं का, आणि या माणसाला हे औषध चालतं का, हे बघायची जबाबदारी कागदावर कुणाचीही असो, शेवटची नजर सिस्टरचीच पडते.

पहिल्या प्रश्नाला इंटरॅक्शन म्हणतात, दुसऱ्याला कॉन्ट्राइंडिकेशन. पहिल्यात एका औषधाचं दुसऱ्या औषधाशी किंवा खाण्याशी वाकडं असतं. दुसऱ्यात औषधाचं त्या माणसाशीच जमत नाही: त्याचा जुना आजार, वय, गरोदरपण, ॲलर्जी आड येते. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकांत याचे पानंच्या पानं तक्ते असतात आणि विद्यार्थिनी परीक्षेच्या आदल्या रात्री ते घोकत बसतात. परीक्षेनंतर त्यातलं काही उरत नाही. भांडण नेमकं कुठे होतं हे कळलं तर मात्र अर्धे तक्ते आपोआप डोक्यात राहतात. ते तीन ठिकाणी होतं: शरीराबाहेर, म्हणजे नळीत, औषध शरीरात शिरताना आणि लिव्हरमध्ये मोडताना, आणि शेवटी जिथे औषध आपलं काम करतं तिथे.

नळीतलं भांडण

हे सगळ्यात सरळ, कारण डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक न वापरणारा वॉर्ड शोधून सापडायचा नाही, आणि रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएलची बाटली, न लावणाराही. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिॲक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे बारीक कण तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि किडन्यांत असे कण सापडले, काही बाळं दगावली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला. २००९ मध्ये त्यात मोठ्यांसाठी थोडी सवलत आली. आता नियम असा: २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा द्यावं लागणार असेल, तर सेफ्ट्रिॲक्सोन द्यायचंच नाही. नळी वेगळी घेतली, हात वेगळा घेतला, तरीही नाही. त्यापुढच्या वयात एकानंतर दुसरं देता येतं, पण मधे नळी नॉर्मल सलाईननं नीट धुवून, आणि एकाच वेळी एका नळीतून कधीच नाही. कावीळ झालेल्या नवजात बाळालाही सेफ्ट्रिॲक्सोन नको. ते बिलिरुबिनला रक्तातल्या प्रथिनावरच्या जागेवरून हटवतं, आणि मोकळं झालेलं बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचू शकतं.

नळीत गढूळपणा दिसतो कसा? फार नाट्यमय काही नसतं. औषध जिथे टोचतो त्या वाय-पोर्टपाशी पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखी पुसट झाक येते आणि ट्यूबलाईटच्या पिवळट उजेडात ती नजरेतून सहज सुटते. म्हणून शिरेतून औषध सोडताना नजर सिरिंजच्या दट्ट्यावर न ठेवता पोर्टच्या पुढच्या चार बोटं नळीवर ठेवावी. झाक दिसली की क्लॅम्प बंद. आता हात सवयीनं फ्लशच्या, म्हणजे नळी धुवायच्या, सिरिंजकडे जातो. तो आवरायचा. फ्लश केलं तर नळीतले कण आपणच शिरेत ढकलतो. सेट इंट्राकॅथपासून, म्हणजे शिरेत बसवलेल्या छोट्या नळीपासून, सोडवायचा, इंट्राकॅथमधलं द्रव सिरिंजनं मागे ओढून घ्यायचं, मग नवा सेट, आणि डॉक्टरांना कळवायचं.

फेनिटॉइन, म्हणजे फिट थांबवायचं इंजेक्शन, फक्त नॉर्मल सलाईनमध्ये द्यायचं. त्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं की त्याचे खडे होतात. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर वेग नको, वृद्धांना त्याहून सावकाश, मॉनिटर लावून. त्याच्या बरोबर उलट ॲम्फोटेरिसिन, हे बुरशीवरचं इंजेक्शन. ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये; सलाईनमध्ये ते साकळतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे पेशंट महाराष्ट्रात वॉर्डच्या वॉर्ड भरून होते, तेव्हा जिनं कधी ॲम्फोटेरिसिनची व्हायल पाहिली नव्हती तिलाही हे शिकावं लागलं. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एका नळीत गेले तर खडू तयार होतो, अक्षरशः. धावपळीत, सीपीआर चालू असताना, नेमकी हीच दोन अँप्यूल एकामागोमाग हातात दिली जातात.

वेळ वाचवायला दोन इंजेक्शनं एकाच सिरिंजमध्ये ओढायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. सिरिंज पारदर्शक राहिली म्हणजे औषधांचं पटलं असं होत नाही. कधीकधी औषध न दिसताच निकामी होतं.

पोटात आणि लिव्हरमध्ये

इथे डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून घड्याळ आणि तारीख बघावी लागते.

गावातली एएनएम ताई हे रोज करते, फक्त त्याला इंटरॅक्शन म्हणत नाही. गरोदर बाईला सरकारी कार्यक्रमातून लोहाची गोळी मिळते आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. तीन महिने गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, आणि ठपका बाईवर येतो की ही गोळ्या फेकून देते. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. लोह चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर उत्तम. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकांचंही दूध, कॅल्शियम आणि लोहाशी असंच वाकडं. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम-लोह तिच्यानंतर चार तासांनी.

रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, असलेल्या पेशंटचं आणखी एक. ट्यूबमधून फेनिटॉइनचं सिरप जायचं असेल तर आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवावं लागतं, नाहीतर औषध फीडमध्येच अडकतं आणि पेशंटला पुन्हा फिट येते. आणि ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर आहे ती कुटून ट्यूबमधून द्यायची नाही. बारा तासांत हळूहळू सुटायचं औषध एका दमात सुटतं. कुटण्याआधी डॉक्टरांकडून साधी गोळी किंवा सिरप लिहून घ्यावं.

पोटातून पुढे गेलेलं औषध लिव्हरमध्ये मोडतं. तिथले एन्झाइम म्हणजे टोलनाक्यावरच्या खिडक्या समजा. औषधांच्या गाड्या ठरावीक वेगानं तिथून पार होतात. काही औषधं येऊन खिडक्या बंद करतात. मग मागे रांग लागते, म्हणजे दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढते. काही औषधं नव्या खिडक्या उघडायला लावतात. मग दुसरं औषध भराभर निघून जातं आणि कामाला उरत नाही. खिडकी बंद करायला वेळ लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिणाम दिसू शकतो. नवी खिडकी उभारायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि औषध बंद केल्यावर ती मोडायलाही तेवढेच.

खिडक्या उघडणाऱ्यांत अव्वल नंबर रिफॅम्पिसिनचा, आणि टीबीच्या गोळ्यांमुळे ते आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे. टीबीची औषधं चालू असलेली बाई माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. दुसरं साधन हवं. हे तिला सांगायचं कुणी? छातीच्या ओपीडीत कुटुंब नियोजनाचा विषय निघत नाही आणि कुटुंब नियोजनाच्या खोलीत टीबीचा. सांगितलंच तर गोळ्या हातात देणारी सिस्टर सांगते. एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर रिफॅम्पिसिनबरोबर दिवसातून एकदा पुरत नाही, दोनदा द्यावं लागतं. हृदयाची झडप बदललेल्या माणसाची रक्त पातळ ठेवणारी गोळी, आपल्याकडे बहुधा ॲसिट्रॉम, रिफॅम्पिसिन सुरू झालं की हळूहळू कमी पडू लागते आणि डोस वाढवावा लागतो. खरा धोका नंतर आहे. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, पेशंटला पेढे वाटावेसे वाटतात, आणि वाढवलेला ॲसिट्रॉमचा डोस मात्र तसाच राहतो. दोन आठवड्यांत जादा खिडक्या बंद होतात, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, चढतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. औषध सुरू करतानाच नाही, तर बंद करतानाही इंटरॅक्शन असते. या एका वाक्याखाली मी विद्यार्थिनींना लाल रेघ मारायला लावते.

त्याच ॲसिट्रॉमवर मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोल सुरू झालं तर उलट घडतं: खिडकी बंद, रक्त फार पातळ. जुलाब झाले म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या मेट्रोनिडाझोलच्या पाच गोळ्याही त्याला पुरतात. दम्याच्या पेशंटचं डेरिफायलिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर त्यातल्या थिओफायलिनची पातळी चढते. आधी मळमळ, धडधड, हात थरथरणं, आणि दुर्लक्ष झालं तर फिट. आयसीयूत फिटसाठी व्हॅलप्रोएटवर असलेल्या पेशंटला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं तर दोन दिवसांच्या आत व्हॅलप्रोएटची पातळी जवळजवळ तळाला जाते. डोस वाढवूनही ती सावरत नाही, फिटचं दुसरं औषध जोडावं लागतं. ही जोडी ट्रीटमेंट शीटवर दिसली तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नये.

फळांचं काय, असा प्रश्न येतोच. ग्रेपफ्रूटचा रस काही औषधांची पातळी वाढवतो, हे कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाला १९८९ च्या सुमारास योगायोगानंच लक्षात आलं. ते दारूचा परिणाम तपासत होते आणि दारूची चव झाकायला त्यांनी हा रस वापरला होता. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातं? पण त्याचं भावंड पपनस गणपतीच्या दिवसांत बाजारात असतं आणि त्यातही तीच द्रव्यं आहेत. किडनी बदललेल्या, सायक्लोस्पोरिनवर असलेल्या पेशंटनं ते टाळलेलं बरं. अशी औषधं चालू नसलेल्यांनी फोडी खाल्ल्या तर घाबरायचं कारण नाही.

एकाच दिशेनं दोन धक्के

तिसऱ्या प्रकारात औषधं एकमेकांना हातही लावत नाहीत. दोन्ही आपापलं काम करतात, आणि नेमकं तेच नडतं.

१९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप आणि थरथर म्हणून दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन दिलं. ती अधिकच बेचैन झाली. नर्सेसनी रात्रपाळीच्या डॉक्टरला फोन केले; ती डॉक्टर एकटी कित्येक पेशंट सांभाळत होती, तिनं हातपाय बांधून ठेवायला सांगितलं. पहाटे ताप मोजला तेव्हा १०७ फॅरेनहाइट होता. थोड्याच वेळात मुलगी गेली. नेमकं कारण काय यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला, पण या दोन औषधांच्या गाठीकडे बोट गेलं ते आजवर तसंच आहे: दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. तिच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० वर आणले. त्या नियमाबद्दल बोलताना सगळे डॉक्टरांच्या झोपेविषयी बोलतात. मला त्यात बेचैन पेशंटजवळ असलेल्या आणि फोन लावणाऱ्या नर्सेस दिसतात. बेचैनी, घाम, थरथर, झटके, चढता ताप ही खूण वाचता आली असती तर हातपाय बांधायच्या आधी थर्मामीटर लागला असता.

फेनेल्झिन आपल्या वॉर्डांत दिसत नाही, पण तीच गाठ वेगळ्या नावांनी येते. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आहे, सध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठीही वापरतात, आणि त्याला सेरोटोनिन वाढवायची खोड आहे. पेशंट आधीपासून एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्यांवर असेल तर सावध राहायचं. ट्रॅमाडोल हे सगळ्यांचं आवडतं दुखण्याचं इंजेक्शनही याच पंगतीतलं, शिवाय फिटची भीती वाढवणारं.

दुसरी गाठ पोटॅशियमची. हृदयाच्या पेशंटला रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन ही जोडी मुद्दाम आणि योग्य कारणानं देतात. दोन्ही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. मागच्या आठवड्यात पोटॅशियम कमी होतं म्हणून लिहिलेलं सिरप कुणी बंद करायला विसरलं, किडनी थोडी मंदावलेली, आणि भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक हातात शहाळं घेऊन. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ‘अशक्तपणा आलाय, नारळपाणी पाजा’ हा सल्ला आपल्याकडे इतका पवित्र आहे की तो मोडताना सिस्टरला वाईटपणा घ्यावा लागतो. घ्यावा. किडनीच्या पेशंटच्या खाटेखाली रिकामी शहाळी दिसली तर तेही ट्रीटमेंट शीटचाच भाग समजावं.

उलट फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, पोटॅशियम बाहेर काढतं, आणि पोटॅशियम उतरलं की डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध विषारी होतं. म्हणून डिजॉक्सिनची गोळी देण्याआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. साठच्या खाली असतील तर डोस थांबवून कळवायचं. खोकल्यासाठी कुणी ज्येष्ठमध मूठमूठ चघळत असेल तर तेही पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. हे काकांच्या चूर्णाच्या पिशवीत असू शकतं. गुंगीचं मिडाझोलाम आणि तीव्र वेदनेवरचं फेंटानिल एकत्र दिलं की श्वास मंदावतो. ॲमिकासिन हे अँटिबायोटिक आणि लॅसिक्स दोन्ही कानाला बाधतात. बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या मधुमेह्याची साखर उतरली तर धडधड होत नाही, थरथर होत नाही. घाम तेवढा येतो, त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

या माणसाला नाही

कॉन्ट्राइंडिकेशन सगळ्यात जवळून बघायची तर लेबर रूममध्ये. बाळंतीण झाली, वार पडली, आणि रक्तस्राव थांबत नाही. ऑक्सिटोसिन देऊन झालं. फ्रिजमध्ये आणखी दोन अँप्यूल आहेत, मेथर्जिन आणि कार्बोप्रोस्ट. दोन्ही गर्भाशय आवळतात, दोन्ही स्नायूत देतात, दोन्ही थंडच ठेवावी लागतात. मेथर्जिन रक्तवाहिन्याही आवळतं, म्हणून जिचं बीपी चढलेलं आहे किंवा जिला हृदयाचा आजार आहे तिला ते नाही. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवू शकतो. कार्बोप्रोस्ट श्वासनलिका आवळतं, म्हणून दम्याच्या बाईला ते नाही, आणि शिरेतून तर कुणालाच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता, डॉक्टर रस्त्यात असताना, रक्तात माखलेल्या हातमोज्यांनी केस पेपर चाळायला सवड नसते. म्हणून ज्या केंद्रांतल्या सिस्टर शहाण्या आहेत तिथे बाई दाखल होतानाच दोन गोष्टी पेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहिल्या जातात: बीपी किती, दमा आहे का. ‘दमा आहे का’ असं विचारलं तर बायका नाही म्हणतात. ‘कधी फवारा घेतला का, थंडीत छातीतून शिट्टी वाजते का’ म्हटलं की खरं उत्तर येतं.

पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असलेल्या तापाला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन हीही अशीच मनाई. ताप उतरतो, अंगदुखी थांबते, पेशंट खूश होतो. पण प्लेटलेट आधीच घसरत असताना हे औषध रक्तस्राव वाढवतं, शिवाय स्नायूत खुपसलेल्या सुईच्या जागी रक्त साकळतं. पॅरासिटामोल, पाणी आणि धीर एवढंच. ‘सिस्टर, सुई द्या ना’ हा आग्रह परतवणं सोपं नसतं.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो बायको-मुलगा-सुनेच्या घोळक्यात विचारला तर उत्तर हमखास ‘नाही’. लैंगिक ताकदीसाठीचं सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतलेलं असेल तर सॉर्बिट्रेटनं बीपी धाडकन कोसळतं. ईसीजीचं निमित्त करून पडदा ओढावा, नातेवाइकांना बाहेर थांबवावं, आणि शांतपणे, चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारावं: ‘काका, ताकदीची वगैरे गोळी काल-आज घेतलीय का? हृदयाच्या औषधासाठी विचारतेय, कुणाला सांगणार नाही.’ बायकांनाही विचारायचं, कारण फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी हीच औषधं त्यांनाही दिलेली असतात.

सगळ्या मनाया सारख्या कडक नसतात. काही पक्क्या असतात. काहींचा अर्थ ‘द्या, पण डोळ्यात तेल घालून’ असा असतो. बाळंतपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट द्यावंच लागतं. पण प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्याचा झटका येतोय ना, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत ना, लघवी तासाला ३० मिली होतेय ना, हे बघायचं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलीचं अँप्यूल हाताशी काढून ठेवायचं. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार, असलेल्या बाईला मात्र तेही नाही.

तसंच, प्रत्येक इंटरॅक्शन म्हणजे चूक नव्हे. मोबाईलमधल्या ॲपमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल टाका, लाल पट्टी येईल: रक्तस्रावाचा धोका. पण स्टेंट टाकलेल्या माणसाला ती दोन्ही मुद्दाम दिलेली असतात, आणि लाल पट्टी बघून कुणी एक बंद केली तर स्टेंट तुंबेल. ॲप नावं जुळवतं. समोरच्या माणसाचा आजार त्याला ठाऊक नसतो.

थांबवायचं आणि विचारायचं

डॉक्टरांनी लिहिलेला डोस स्वतःच्या मनानं बदलणं किंवा गुपचूप गाळणं हे नर्सच्या अधिकारात नाही. थांबवून विचारणं आहे. आणि विचारायचं कसं यावर उत्तर कसं मिळेल ते अवलंबून असतं. ‘सर, हे द्यायचं का?’ असं मध्यरात्री फोनवर म्हटलं तर पलीकडून ‘लिहिलंय ना सिस्टर, द्या की’ हेच येणार. त्यापेक्षा: ‘सर, सतरा नंबरच्या आजींना लिनेझोलिड लिहिलंय. त्या डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम घेतात, आज सकाळीही घेतलीय. दोन्ही एकत्र द्यायचं का? दहाचा डोस मी थांबवलाय, ताप १०१ आहे, बीपी ठीक आहे.’ यात पेशंट आहे, दोन्ही औषधांची नावं आहेत, शेवटचा डोस कधीचा ते आहे आणि थांबायला किती वाव आहे तेही आहे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण जंतुसंसर्गानं बीपी उतरलेल्या पेशंटचं अँटिबायोटिक शंकेपायी तासभर अडवणंही घातकच. उत्तर आलं की ते फोनवर पुन्हा म्हणून दाखवायचं आणि नर्सिंग नोट्समध्ये वेळ, डॉक्टरांचं नाव आणि काय सांगितलं ते लिहायचं. सकाळच्या हँडओव्हरमध्ये ‘एक डोस थांबवलाय’ एवढंच न सांगता का थांबवलाय तेही सांगायचं, नाहीतर सकाळची सिस्टर राहिलेला डोस प्रामाणिकपणे देऊन टाकते.

आणि काकांची ती पिशवी. ‘घरी कुठली औषधं घेता?’ याला ‘बीपीची एक पांढरी गोळी’ याहून जास्त उत्तर मिळत नाही. पिशवीच मागवायची आणि खाटेवर उलटी करायची. मग वेगळे प्रश्न: दुखलं की दुकानातून काय आणता? पुडीतलं, काढ्यातलं काही चालू आहे का? झोपेचं? दारू किती, आणि शेवटची कधी? गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड असू शकतं. संधिवात झटपट पळवणाऱ्या पुडीवर जास्तच संशय घ्यावा. ती वर्षभर घेऊन अचानक बंद झाली तर ऑपरेशनच्या दिवशी बीपी का धरत नाही याचं कोडं कुणाला सुटत नाही. नातेवाइकांनीही औषधांचे रिकामे पट्टे फेकू नयेत. नाव गोळीवर नसतं, पट्ट्यावर असतं.

इतकं करूनही कधी विपरीत घडतं. घडलं किंवा तसा नुसता संशय आला तरी ते कळवता येतं, आणि कळवण्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. केंद्र सरकारचा फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचा, कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत फोन आहे. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्यांचं केंद्र आहे, तिथे छापील फॉर्म मिळतो. पेशंटची आद्याक्षरं आणि वय, काय त्रास झाला आणि कधी सुरू झाला, कुठल्या औषधाचा संशय आहे, आणि कळवणाऱ्याचं नाव एवढं भरलं की फॉर्म घेतात. सोबत चालू असलेल्या बाकीच्या औषधांसाठी त्यात वेगळा रकाना असतो. तो बहुतेक जण कोरा सोडतात. दहाच्या डोसची ट्रॉली ढकलणाऱ्या सिस्टरला तो न बघता भरता येतो.